घड्याळ चालतंय, पण बरं आहे का?



या आठवड्याच्या टपालात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या आजोबांनी आपलं मनगटी घड्याळ तिला देऊन टाकलं. चावीचं घड्याळ, एचएमटीचं 'जनता'. रोज सकाळी ती त्याला चावी देते आणि ते दिवसभर इमानेइतबारे टिकटिक करतं. पण या घड्याळावरून घरात दोन पक्ष पडलेत. आजीचं म्हणणं, "एकदा घड्याळजीकडे नेऊन त्याचं तेलपाणी करून आण." बाबांचं म्हणणं, "चालतंय ना? मग चालत्या घड्याळाला हात कशाला लावायचा?" आता आमच्या मैत्रिणीनं मला पंच नेमलंय. विचारते, 'बरोबर कोण?'

पंचानं निकाल देण्याआधी दोन्ही बाजू ऐकायच्या असतात. इथे तर तिसरी बाजूही आहे, खुद्द घड्याळाची! ती ऐकायची तर आधी घड्याळाची भाषा कळायला हवी. आज तीच शिकू या. आणि हो, तुमच्याएवढा असताना याच बाबतीत मी एक मोठी चूक करून बसलो होतो. तीही सांगणार आहे, पण जरा पुढे.

पोटात काय चाललंय?

तुमच्या घरातलं घड्याळ चावीचं की सेलचं हे ओळखायला सोपी खूण आहे. सेकंद काट्याकडे बघा. सेलवरच्या घड्याळाचा काटा बहुधा सेकंदाला एक उडी मारतो, टक... टक... टक. चावीच्या घड्याळाचा काटा मात्र बारीक बारीक पावलं टाकत सरकत जातो. 'जनता'सारख्या घड्याळात तो सेकंदाला 5 पावलं टाकतो.

आपण चावी देतो तेव्हा घड्याळाच्या पोटातल्या एका गोल डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळली जाते. ही मुख्य स्प्रिंग. ती सारखी उलगडायला बघत असते आणि उलगडताना दातेरी चाकांच्या एका रांगेला ढकलत असते. या चाकांना मोकळं सोडलं तर? काटे गरगर फिरतील आणि दिवसभराचा जोर बघता बघता संपून जाईल! म्हणून रांगेच्या शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. छोट्या नांगरासारखा दिसणारा हा तुकडा शेवटच्या चाकाचा एक दात अडवतो, मग सोडतो, पुन्हा पुढचा अडवतो. त्याच्या अडवण्या-सोडण्याचाच आवाज म्हणजे टिकटिक.

आणि या पहारेकऱ्याला हुकूम कोण देतं? बॅलन्स चाक. केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर हे चाक एकदा इकडे, एकदा तिकडे झोके घेत असतं. ते सुदृढ असलं की प्रत्येक बाजूला जवळजवळ पाऊण फेरा फिरतं.

आता थोडं गणित. सेकंदाला 5 टिक, म्हणजे तासाला 18,000. दिवसाला 4,32,000. वर्षाला किती? 15 कोटी 76 लाख 80 हजार! आपलं हृदय मिनिटाला 72 वेळा पडतं असं धरलं तर दिवसाचे ठोके होतात लाखाच्या थोडे वर. म्हणजे मनगटावरचा हा पठ्ठ्या तुमच्या हृदयाच्या चौपट धावतो. मग त्याला कधी तरी डॉक्टरकडे न्यायला नको?

अर्धा थेंबही नाही

बॅलन्स चाकाचा आस टोकाशी इतका बारीक असतो, की त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. असा आस वर्षानुवर्षं फिरत राहिला तर भोकाच्या कडा झिजणारच. म्हणून महत्त्वाच्या जागी धातूऐवजी कृत्रिम माणकं बसवतात. पुष्कळ घड्याळांच्या तबकडीवर '17 ज्युवेल्स' असं लिहिलेलं असतं ना, ते याच माणकांबद्दल. ही माणकं दागिन्यातली नव्हेत बरं का! त्यामुळे आजोबांच्या घड्याळात रत्नं दडली आहेत म्हणून ते उघडू नका. कडक आणि गुळगुळीत असतात म्हणून ती तिथे असतात, एवढंच.

माणकावरही तेल लागतंच. पण किती? सुईच्या टोकावर मावेल त्याहून कमी. थेंब म्हणावा तर त्याची थट्टा होईल. एवढंसं ते तेल काही वर्षांनी आटतं, दाट होतं किंवा जागा सोडून भलतीकडे पसरतं. घड्याळ कपाटात ठेवलं तरी तेलाचं वय वाढतच राहतं. मग उरलेल्या चिकट तेलात धूळ आणि धातूचा बारीक चुरा मिसळतो. हे मिश्रण काय करतं ठाऊक आहे? तेच, जे पॉलिश पेपर लाकडावर करतो. ज्या तेलानं झीज थांबवायची, तेच झीज करायला लागतं.

याचं एक नामी उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. जॉन हॅरिसन हा तिथला सुतारकाम शिकलेला माणूस. समुद्रावर जहाज नेमकं कुठं आहे हे कळण्यासाठी अचूक वेळ सांगणारी घड्याळं बनवण्यात त्यानं सारी हयात घातली. त्याची पहिली तीन मोठी घड्याळं तेलाशिवाय चालतील अशीच बनवलेली होती. चौथं मात्र खिशातल्या घड्याळासारखं, फक्त जरा मोठं, आणि त्याला तेल लागतं. 1761 साली ते जहाजावरून जमैकाला निघालं आणि वेळ दाखवण्यात पक्कं ठरलं. ही चारही घड्याळं लंडनमधल्या ग्रिनिच वेधशाळेत ठेवलेली आहेत. पहिली तीन चालू असतात आणि सगळ्यांत नावाजलेलं चौथं मुद्दाम बंद ठेवलेलं असतं! चालू ठेवलं तर ते झिजेल, म्हणून. घड्याळ चालणं म्हणजे थोडं थोडं झिजणं, हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत आहे.

हजेरीपटावरचा 'हजर'

"पण वेळ तर बरोबर दाखवतंय!" आमच्या मैत्रिणीचे बाबा म्हणतील. इथेच तर गंमत आहे. त्यासाठी एक प्रयोग करून पाहा.

हातभर दोऱ्याला एक दगड बांधा आणि दोऱ्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधा. दगड थोडा ओढून सोडा आणि 20 झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. आता त्याहून थोडा जास्त ओढून सोडा आणि पुन्हा 20 झोके मोजा. झोका मोठा झाला, पण वेळ? जवळजवळ तेवढाच!

बॅलन्स चाकाचं असंच आहे. तेल दाट झालं, जोर कमी पोचू लागला, की त्याचा पाऊण फेऱ्याचा झोका हळूहळू अर्ध्या फेऱ्यावर येतो. चाक दमलेलं असतं. पण छोट्या झोक्यालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे काटे बराच काळ बरोबर वेळ दाखवत राहतात. अंगात ताप असताना शाळेत आलेल्या मुलाची हजेरी कशी लागते? 'हजर' अशीच ना? वर्गशिक्षक त्याच्याकडे नीट बघतील तेव्हाच ताप कळेल. घड्याळाचंही तसंच. वेळ बरोबर आहे म्हणजे ते हजर आहे, एवढंच कळतं. बरं आहे की नाही, ते कळत नाही.

माझी चूक

आता ती चूक. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्याकडे एकच घड्याळ, चावीचं. मी सातवीत गेलो तेव्हा त्यांनी मला एक मोठं काम दिलं. रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायची आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळेशी ते जुळवायचं. भावंडांमध्ये मी एकटाच घड्याळाला हात लावू शकत होतो. केवढा रुबाब!

सुरुवातीला एखाद्या दिवशी चावी द्यायला विसरलो तरी घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायचं. दोनेक वर्षांनी ते सकाळी उठावं तो बंद पडलेलं दिसू लागलं. कधी 4 वाजता थांबलेलं, कधी 3 वाजता. मी काय करायचो? मुकाट्यानं चावी द्यायचो, काटे जुळवायचो आणि बाबांच्या हातात द्यायचो. दिवसभर ते ठीक चालायचं. बाबांना पत्ताच नाही. सांगितलं असतं तर घड्याळ दुरुस्तीला गेलं असतं आणि माझं काम काही दिवस बंद झालं असतं. शिवाय 'तूच काही तरी केलंस' असं कुणी म्हणेल ही भीती. वर्षभर मी असं चालवलं.

एका सकाळी चावी दिली आणि घड्याळ चाललंच नाही. बाबा मला घेऊन बाजारपेठेतल्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, हे बंद पडलेलं नाही, झिजलेलं आहे." त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावून दाखवलं. मुख्य स्प्रिंगच्या डबीचा आस ज्या भोकात बसतो, ते भोक गोल असायला हवं. ते अंड्यासारखं लांबट झालं होतं. भोवती काळपट तपकिरी चिखल. "पंधरा-सोळा वर्षांत एकदाही उघडलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "तरी वर्षभर आधी आणलं असतंत तर साफसफाई आणि तेलावर भागलं असतं. काही कळलं नाही का आधी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काही जाणवलं होतं का रे?"

मी म्हटलं, "नाही."

परत येताना एसटी स्टँडपाशी मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. बाबा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प चालले आणि मग म्हणाले, "उद्यापासून लिहून ठेवत जा." वाटेतल्याच दुकानातून त्यांनी एक चाळीस पानी वही घेतली. घड्याळजींनी भोक आवळून घड्याळ चालतं करून दिलं, पण पूर्वीसारखं ते पुन्हा कधी चाललं नाही. बाबांनी मात्र निवृत्त होईपर्यंत तेच वापरलं. रोज सकाळी तीन-चार मिनिटं पुढे करून.

त्या वहीतून मी जे शिकलो तेच आता तुम्हाला देतोय.

सात दिवसांची वही

चावीचं घड्याळ घरात असेल तर आठवडाभर एवढं करा:

1. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्या. बोटांना अडकल्यासारखं वाटलं की थांबा. जोर लावू नका.

2. पहिल्या दिवशी घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवा. पुष्कळ जुन्या घड्याळांत चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही. त्यामुळे सेकंद जुळले नाहीत तर किती फरक आहे तेवढा लिहून ठेवा. त्यानंतर आठवडाभर काट्यांना हात लावायचा नाही!

3. रोज त्याच वेळी घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते सेकंदांत लिहा. कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरकही लिहा.

4. पहिल्या तीन रात्री घड्याळ तबकडी वर करून ठेवा. पुढच्या तीन रात्री कडेवर, चावी खालच्या बाजूला येईल असं उभं ठेवा.

5. सातव्या दिवशी पूर्ण चावी द्या आणि नंतर देऊच नका. किती तासांनी बंद पडतं ते पाहा.

ही सात दिवसांची हजेरी झाली की वही उघडून बसा. ती काय सांगते बघू.

*रोज 20 सेकंद मागे, न चुकता.* घाबरू नका. दिवसाचे सेकंद 86,400. त्यांतले 20 चुकले म्हणजे फार काही बिघडलं नाही. रोजचा फरक सारखाच असेल तर फक्त वेग जरा जुळवून घ्यायला हवा. तो घड्याळजी करून देतात.

*आज 10 पुढे, उद्या 40 मागे, परवा 90 मागे.* हे चांगलं लक्षण नाही. फरक किती आहे यापेक्षा तो रोज बदलतोय हे महत्त्वाचं. तपासायला न्या.

*तबकडी वर असताना ठीक, उभं ठेवलं की मिनिटभर गडबड.* थोडा फरक प्रत्येक घड्याळात असतो. फार मोठा असेल तर आस कुठे तरी घासतोय.

*लवकर बंद पडतं.* चावीची घड्याळं एकदा पूर्ण चावी दिल्यावर साधारण दीड दिवस चालायला हवीत. 36 ते 40 तास चालणारं घड्याळ 24 तासांवर आलं, तर तेल दाट झालंय किंवा मुख्य स्प्रिंग थकलीये. माझ्या बाबांच्या घड्याळाचं हेच झालं होतं. वर्षभर ते रोज सांगत होतं आणि ऐकणारा मी एकटाच होतो.

*एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं.* हा आजार वेगळाच आहे. बहुतेक वेळा त्याला लोहचुंबक बाधलेलं असतं. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरमधलं किंवा पर्सच्या बटणातलं चुंबक, अशांच्या अगदी जवळ घड्याळ राहिलं की केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि चाक भराभर झोके घेतं. घरी होकायंत्र असेल तर घड्याळ त्याच्याजवळ नेऊन सुई नाचते का पाहा. घड्याळजींकडे चुंबकत्व उतरवायचं यंत्र असतं. मिनिटभराचं काम. यासाठी सगळं घड्याळ खोलायची गरज नसते. म्हणून आधी एवढंच करून द्यायला सांगा.

वहीशिवाय दिसणारी लक्षणं

काही लक्षणं दिसली तर सात दिवस थांबायचंच नाही. काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली असेल तर त्याच दिवशी घड्याळजीकडे पळा. आपल्याकडचा पावसाळा, त्यात घाम, आणि झाकणाखालचं जुनं कडक झालेलं रबर. पाणी आत शिरायला आणखी काय हवं? उन्हात ठेवून वाफ गेली तरी ती काचेवरून गेलेली असते, घड्याळातून नव्हे. आत पोलाद आहे आणि पोलादाला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

चावी देताना करकर लागतेय, चावी मध्येच घसरतेय, काटे जुळवताना अगदी सैल वाटताहेत, किंवा घड्याळ पडल्यापासून टिकटिक लंगडी झालीय, म्हणजे टिक-टिक ऐवजी टि-टिक, टि-टिक ऐकू येतंय, तरीही दाखवून घ्या. हात हलवला की आपोआप चावी बसणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांच्या पोटात एक अर्धगोल वजन फिरत असतं. ते खडखडायला लागलं तर तीही खूण समजा.

आणि सगळ्यात मोठं लक्षण घड्याळात नसतंच, घरात असतं. "याची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली?" असं विचारल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर समजा की वेळ झाली. रोज वापरातल्या घड्याळाला साधारण पाच ते सात वर्षांनी एकदा सर्व्हिसिंग लागतं. हल्ली तेलं कृत्रिम आणि अधिक टिकाऊ झाली आहेत, म्हणून काही कंपन्या आपल्या नव्या घड्याळांना दहा वर्षांपर्यंतही मुदत देतात. आजोबांच्या जुन्या घड्याळाला मात्र ती सवलत नको.

घड्याळजींच्या दुकानात

तिथे गेल्यावर थोडं धिटाईनं बोला. "काका, पूर्ण खोलून साफ करणार ना?" असं विचारा. कारण सर्व्हिसिंगचा खरा अर्थ तोच. शंभरच्या आसपास असलेले भाग सुटे करायचे, धुवायचे, भिंगाखाली एकेक तपासायचा, ठरलेल्या जागी ठरलेलं तेल द्यायचं आणि जिथे द्यायचं नाही तिथे अजिबात द्यायचं नाही. मग सगळं पुन्हा जोडून काही दिवस चालवून बघायचं. न खोलता नुसतं वरून धुऊन पाच मिनिटांत हातात ठेवलेलं घड्याळ चार दिवस छान पळतं. कारण चिकटा गेलेला असतो. पण त्याबरोबर उरलंसुरलं तेलही गेलेलं असतं! तेव्हा काकांनी "आठ दिवसांनी या" म्हटलं तर कंटाळू नका, उलट खूश व्हा.

त्यांच्याकडे टिकटिक ऐकणारं यंत्र असेल तर दाखवायला सांगा. बॅलन्स चाक किती मोठा झोका घेतंय ते त्यावर अंशांमध्ये दिसतं. पूर्ण चावी दिलेलं सुदृढ घड्याळ 270 अंशांच्या वरखाली असतं, 200 च्या खाली गेलेलं बहुधा आजारी असतं. म्हणजे हजेरीपटावर न दिसणारा ताप इथे दिसतो! टिकटिक ऐकणारी ॲप्स मोबाइलवरही मिळतात. त्यांवरून अंदाज घ्यायला हरकत नाही, पण निदान मात्र काकांवर सोडा.

आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगा. बदललेले जुने भाग परत द्या, आणि तबकडी रंगवू नका. रंगवलेली तबकडी नवी दिसते, पण मग ती आजोबांनी पाहिलेली तबकडी राहत नाही.

घरी काय करायचं नाही तेही ऐका. सुरीनं झाकण उघडायचं नाही आणि शिवणयंत्राचं तेल सोडायचं नाही. तो एक थेंब घड्याळाच्या मानानं महापूर असतो. केसासारख्या स्प्रिंगवर तो पोचला की वेढे चिकटलेच म्हणून समजा.

तर मग, बरोबर कोण?

आमच्या मैत्रिणीच्या 'जनता'पुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एचएमटीनं 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे घरोघरी ही घड्याळं पोचली. परीक्षेत पास झालं की एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी! 2016 साली सरकारनं ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता जुन्या घड्याळांचे भाग बहुतेक जुन्या साठ्यातून, नाही तर दुसऱ्या एखाद्या बंद घड्याळातून मिळवावे लागतात. तेल बदलणं सोपं आहे. झिजलेला भाग मिळवणं दिवसेंदिवस अवघड होणार आहे. म्हणूनच बंद पडायची वाट बघू नये.

म्हणजे आजी जिंकली? थांबा. बाबांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी नीट सर्व्हिसिंग झालेलं असेल, वहीतले आकडे स्थिर असतील आणि घड्याळ दीड दिवस चालत असेल, तर ते उगाच उघडू नये. उघडताना स्क्रूंना चरे पडतात, धूळ आत जाते. पण "चालतंय ना?" एवढ्यावर बाबांना जिंकता येणार नाही. वही दाखवावी लागेल.

तेव्हा मैत्रिणी, आधी आजोबांनाच विचार, शेवटचं कधी उघडलं होतं ते. त्यांना आठवत नसेल तर घड्याळजींना मागचं झाकण आतून बघायला सांग. पुष्कळ घड्याळजी काम केल्यावर झाकणाच्या आत सुईच्या टोकानं खूण किंवा तारीख कोरून ठेवतात. कदाचित तिथे एखादी बारीक तारीख सापडेल. काहीच सापडलं नाही आणि कुणाला काही आठवलंही नाही, तर आजीचं ऐक. आणि काम झालं की वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख लिही. पुढे कधी तरी तुझ्याकडून ते घड्याळ आणखी कुणाकडे जाईल, तेव्हा त्याला विचारावं लागणार नाही.

बाकीच्यांनी काय करायचं? घरातली कपाटं, आजीची पेटी, देवघराचा खण शोधा. चावीचं एखादं घड्याळ सापडलं तर सात दिवसांची वही करा आणि तुमचे आकडे आम्हाला कळवा. पण बरीच वर्षं बंद असलेलं घड्याळ सापडलं, तर चावी देऊन आठवडाभर पळवू नका हं. त्याचं तेल केव्हाच आटलेलं असणार. ते आधी थेट घड्याळजी काकांकडे.

आणि घड्याळाला चावी द्यायचं काम तुमच्याकडे असेल, आणि एखाद्या सकाळी ते बंद पडलेलं दिसलं, तर मुकाट्यानं काटे जुळवू नका. घरात कुणाला तरी सांगा.